मागच्या रांगेचा मास्तर

१८६९ मध्ये व्हिएन्ना शहर संगीतासाठी इमारती बांधत होतं. मे महिन्यात नवं दरबारी ऑपेरागृह उघडलं. तिथून जवळच मुझिकफेरायन या संगीतगृहाचं बांधकाम संपत आलं होतं. पुढच्या जानेवारीत त्याचंही उद्घाटन झालं. १८६९ मध्येच बोहेमियातल्या ब्लाटना गावचा, तिशीच्या उंबरठ्यावरचा एक वादक या शहरात दोन जागी रुजू झाला. ऑपेरा आणि फिलहार्मोनिकच्या वाद्यवृंदात मुख्य डबल बासवादक म्हणून, आणि कॉन्झर्व्हेटरीत त्याच वाद्याचा शिक्षक म्हणून. त्याचं नाव फ्रांटिशेक सिमांडल. जर्मन कागदोपत्री फ्रान्झ. शिकवण्याची नोकरी त्याने १९१० पर्यंत केली आणि १९१२ च्या डिसेंबरात तो वारला. पाश्चात्त्य संगीताच्या जाड इतिहासग्रंथांत त्याच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. आणि तरीही गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ज्यांनी डबल बास शिस्तीने शिकायला घेतला, त्यांतल्या बहुतेकांची या माणसाच्या पुस्तकाशी कुठे ना कुठे गाठ पडलीच आहे. कुणाची मान तुकवून, कुणाची भांडून.

आज त्याची आठवण काढायला निमित्त मिळालं ते ऑस्करचं. मार्च २०२५ मध्ये लघु-माहितीपटाचं ऑस्कर ‘द ओन्ली गर्ल इन द ऑर्केस्ट्रा’ या फिल्मला मिळालं. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या निवृत्त बासवादक ओरिन ओ’ब्रायन यांच्यावर त्यांच्या भाचीने, मॉली ओ’ब्रायन यांनी, ती केली आहे. पुरुषांच्या वाद्यवृंदात एकटीने बसलेल्या बाईची गोष्ट म्हणून तिचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण ओ’ब्रायनबाईंच्या आयुष्याला आणखी एक बाजू आहे, ती शिकण्या-शिकवण्याची, आणि तिचा धागा मागे ओढत नेला तर तो थेट १८६९ च्या व्हिएन्नात पोचतो. आमचा मुद्दा त्या धाग्याचा आहे. एखादं वाद्य टिकतं ते त्याच्या थोर वादकांमुळे, असा आपला समज असतो. डबल बासचा इतिहास नेमकं उलटं सांगतो: थोर वादक आले, गेले, आणि त्यांच्यामागे वाद्य जवळजवळ होतं तिथेच राहिलं. मध्यम वकुबाच्या पोराने सकाळी उठून कुठलं बोट कुठे ठेवायचं हे एकाने पानापानावर लिहून ठेवलं, तेव्हा ते पुढे सरकलं.

आधी वाद्याविषयी. सहा फुटांच्या आसपास उंची, चार जाड तारा, वादक उभा किंवा उंच स्टुलावर. सर्वांत खालच्या तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ४१. श्रोत्याला हा स्वर वेगळा ऐकू येतोच असं नाही. तो काढून घेतला की मात्र अख्ख्या वाद्यवृंदाचा तळ गेल्यासारखं होतं. डाव्या हाताची खरी अडचण अंतराची आहे. व्हायोलिनच्या तारेवर सा पासून शुद्ध रे पर्यंत जायला मानेच्या टोकाशी साधारण साडेतीन सेंटिमीटर लागतात. बासवर त्याच दोन स्वरांत साडेअकरा सेंटिमीटरचं अंतर पडतं. हात तेवढाच, बोटं तेवढीच. ही अडचण सोडवायची कशी, यावर दोनशे वर्षं प्रत्येक गावाचं, कित्येकदा प्रत्येक वादकाचं, वेगळं उत्तर होतं.

व्हिएन्नाचं स्वतःचं उत्तर तर फारच देखणं होतं. अठराव्या शतकात तिथले वादक बासच्या मानेवर पडदे बांधत आणि तारा अशा लावत की त्यांच्यातून डी मेजरचा स्वरसंघ आपसूक निघावा. या जुळणीवर बोटं फारशी ताणावी लागत नसत आणि वेगवान तानाही निघत. हायडनने १७६१ मध्ये आपल्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या सिम्फनीत बासला एकट्याने वाजवायच्या जागा दिल्या. डिटर्सडॉर्फ आणि व्हानहाल यांनी कॉन्चेर्तो लिहिले, श्पेर्गर या बासवादकाने एकट्याने अठरा. मोझार्टने १७९१ मध्ये गायकाच्या जोडीला बास घालून एक आरिया रचली. आणि मग एका पिढीत हे सगळं संपलं. वाद्यवृंद मोठे झाले, संगीत दूरदूरच्या पट्ट्यांत फिरू लागलं, आणि ती गोड जुळणी तिथे उपयोगाची राहिली नाही. वादक वारले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा हातही गेला. कागद उरले, पण ते वाजवायचे कसे हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे शंभरहून अधिक वर्षं ते संगीत कपाटात पडून राहिलं.

त्यानंतरचे दोन मोठे इटालियन वादक म्हणजे दंतकथाच. व्हेनिसचा दोमेनिको द्रागोनेत्ती १७९४ मध्ये लंडनला गेला आणि १८४६ मध्ये तिथेच मरेपर्यंत त्या शहराच्या बासवर त्याचं राज्य होतं. १७९९ मध्ये व्हिएन्नात त्याने बीथोवनची चेलोसाठीची एक सोनाटा बीथोवनच्याच साथीने बासवर वाजवून दाखवली आणि बीथोवनने त्याला मिठी मारली, असं सांगतात. बासकडून काय मागता येतं हे बीथोवनला त्या दिवशी कळलं, असंही म्हणायची रीत आहे. पाचव्या सिम्फनीतली ती बासची धावपळ ऐकली की पटतंही. द्रागोनेत्ती बाहुल्यांचा शौकीन होता, त्याचा मोठा संग्रह त्याच्याकडे होता. शिकवण्याचं पुस्तक मात्र त्याने मागे ठेवलं नाही.

दुसरा जोव्हान्नी बोतेसिनी, क्रेमा गावचा. १८३५ मध्ये मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीत शिष्यवृत्तीच्या दोनच जागा रिकाम्या होत्या, एक बसूनची आणि एक डबल बासची. व्हायोलिन येणाऱ्या या मुलाने काही आठवड्यांत बास हातात धरला आणि जागा मिळवली. (या वाद्याकडे माणसं अशीच येतात. पुढे बॉस्टन सिम्फनीचा विख्यात संचालक झालेला सर्ज कुसेवित्स्की मॉस्कोत बासच्या वर्गात बसला, तोही तिथे फी माफ होती म्हणूनच. आणि त्याचा गुरू होता रांबूसेक, एक चेक.) बोतेसिनीला लोक बासचा पागानिनी म्हणत. १८७१ मध्ये कैरोत व्हेर्दीच्या ‘आइदा’चा पहिला प्रयोग त्याच्याच दिग्दर्शनाखाली झाला. त्याने पद्धतीचं पुस्तकही लिहिलं, पण ते तीन तारांच्या बासचं, आणि वाद्यवृंद तोवर चार तारांकडे वळू लागले होते. त्याच्या रचना आज प्रत्येक बासवादकाच्या वाट्याला येतात, त्या वाजवायची तयारी मात्र वादक दुसऱ्याच्या पुस्तकावर करतो.

ही तयारी आली प्रागमधून. १८११ मध्ये तिथली कॉन्झर्व्हेटरी सुरू झाली आणि व्हेंझल हाउझे नावाचा माणूस पगारावर बास शिकवायला बसला. पगारावर, हे महत्त्वाचं. मैफली गाजवून पोट भरायचं ओझं डोक्यावर नसलं की शिक्षकाला विद्यार्थ्यांच्या चुका मोजायला वेळ मिळतो. हाउझेचा शिष्य योसेफ ह्राबे, आणि ह्राबेचा शिष्य सिमांडल. आपल्याकडे तीन पिढ्या झाल्या की घराणं धरतात. तो हिशेब लावला तर सिमांडल व्हिएन्नात पोचला तेव्हा एक घराणं घेऊनच पोचला.

व्हिएन्नात त्याने त्याचं पुस्तक केलं, आणि ते ज्या एका निर्णयावर उभं आहे तो साधा आहे. डाव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, ही तीनच बोटं स्वर दाबतील; अनामिका करंगळीच्या मदतीला राहील, कारण करंगळीला एकटीला त्या जाड तारेचा भार सोसत नाही. तर्जनीपासून मधल्या बोटापर्यंत अर्धा स्वर, तिथून करंगळीपर्यंत आणखी अर्धा. म्हणजे हात एका जागी असताना हाताखाली जेमतेम सा ते शुद्ध रे एवढंच. हात ताणायचा नाही, सरकवायचा. मग कुठून कुठे सरकवायचा याचा नकाशा: अर्धी जागा, पहिली, दुसरी, दुसरी-तिसरीच्या मधली, तिसरी, असं वर वर. प्रत्येक जागेवर सगळ्या पट्ट्यांतले सराव. मानेचा भाग पक्का झाल्यावर अंगठा तारेवर टेकून वाजवायची वरची दुनिया, ती दुसऱ्या भागात.

हे वाचायला रूक्ष वाटतं, वाजवायला त्याहून रूक्ष आहे. त्या पानांत विद्यार्थ्याला लळा लागेल अशी चाल शोधून सापडत नाही. पण हे पुस्तक कुणासाठी लिहिलं गेलं ते पाहावं. अंगभूत प्रतिभेचा बोतेसिनी त्यात गृहीत धरलेला नाही. गृहीत धरलाय तो खेड्यातून आलेला, साध्या हाताचा, सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, ज्याला चार वर्षांनी कुठल्याशा प्रांतिक ऑपेराच्या मागच्या रांगेत नोकरी मिळाली पाहिजे आणि तिथे शेजारच्या सात जणांच्या सुरात सूर मिळाला पाहिजे. आठ बासवादक आठ तऱ्हांनी हात सरकवत असतील तर खालचा स्वर गढूळ होतो. वरच्या सुरांतला गोंधळ कान थोडाफार सोसतो, तळाचा सोसत नाही. सिमांडलने हात सारखे करून तो गढूळपणा काढला.

आणि काळही तसाच आला होता. बीथोवनच्या नवव्या सिम्फनीत चेलो आणि बास मिळून जणू बोलतात. वागनरने ‘राइनगोल्ड’ची सुरुवात बासच्या एका लांबच लांब स्वरावर केली आणि त्यासाठी निम्म्या वादकांना खालची तार आणखी उतरवायला लावली. ब्राम्सचा बाप हांबुर्गमध्ये बास वाजवून घर चालवायचा, तेव्हा मागच्या रांगेतल्या माणसाचं काम काय असतं हे त्या संगीतकाराला घरातूनच ठाऊक होतं. त्याच्या दुसऱ्या सिम्फनीचा पहिला प्रयोग १८७७ मध्ये सिमांडलच्याच व्हिएन्ना फिलहार्मोनिकने केला. असं संगीत एका महान वादकाच्या बळावर उभं राहत नाही, त्याला सारख्या तयारीची अख्खी रांग लागते. सिमांडलच्या वर्गातून अशा रांगा तयार झाल्या. त्याने स्वतः कॉन्चेर्तोही लिहिले; ते आज क्वचितच कुणी वाजवतं आणि ते फारसं अन्यायाचं आहे असं वाटत नाही.

अमेरिकेत हे घराणं त्याच्या शिष्याने, लुडविग मानोलीने नेलं. न्यूयॉर्कमध्ये मानोलीकडे हर्मन राइन्सहागन शिकला आणि पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा मुख्य बासवादक झाला. राइन्सहागनकडे फ्रेडरिक झिमरमन शिकला, तोही १९३० मध्ये त्याच वाद्यवृंदात गेला, ज्युलियर्डमध्ये शिकवू लागला आणि सिमांडलच्या पुस्तकाची अमेरिकी आवृत्ती त्याने संपादित केली. इथे एक फाटा असा फुटतो की व्हिएन्नाच्या मास्तराने तो स्वप्नातही पाहिला नसता. राइन्सहागन उतारवयात लॉस अँजलिसला होता आणि तिथे त्याच्याकडे एक तरुण कृष्णवर्णीय मुलगा सुमारे पाच वर्षं शिकला. तो चार्ल्स मिंगस. जॅझमधल्या त्या वादळी बासमागे, तार कितीही उपटली, ओढली, रडवली तरी, जागा न चुकणारा जो हात आहे त्याला ही तालीम लाभलेली आहे. त्याच राइन्सहागनकडे नंतर लहानगा गॅरी कार आला. १९६२ मध्ये कुसेवित्स्कीच्या विधवेने नवऱ्याचा बास ज्याच्या हवाली केला, आणि ज्याने पुढे एकट्या बासच्या जोरावर जगभर मैफली केल्या, तोच हा.

झिमरमनच्या विद्यार्थिनी ओरिन ओ’ब्रायन. जन्म १९३५, हॉलिवूडमध्ये. आई-वडील दोघंही सिनेमातले नट, वडील जॉर्ज ओ’ब्रायन मूकपटांच्या काळापासूनचं मोठं नाव. घरात इतका झगमगाट पाहिला की आपण स्वतः उजेडापासून दूर राहावं असं या मुलीला वाटू लागलं. बासने ती सोय केली. ज्युलियर्ड, मग न्यूयॉर्क सिटी बॅलेचा वाद्यवृंद, आणि १९६६ मध्ये लेनर्ड बर्नस्टाइनच्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये नेमणूक. १९२० च्या दशकात स्टेफी गोल्डनर ही हार्पवादक तिथे होऊन गेली होती. मधली कित्येक वर्षं तो वाद्यवृंद पुरुषांचाच राहिला. ओ’ब्रायन आल्या तेव्हा त्यांना कपडे बदलायला खोली नव्हती, आणि वृत्तपत्रांना त्यांच्या वादनापेक्षा त्यांच्या बांध्यावर लिहिण्यात रस होता. उजेड टाळायला मागच्या रांगेत गेलेल्या बाईवर असा उजेड पडला. त्यांनी तो दाद न देता विझू दिला आणि ५५ वर्षं वाजवून २०२१ मध्ये निवृत्त झाल्या. खुद्द सिमांडलच्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकने स्त्रीला सभासद करून घ्यायला १९९७ साल उजाडू दिलं, हेही इथे नोंदलेलं बरं. पद्धत वाहून नेणाऱ्या घराण्याने आपल्या वेळचे आचारही तितक्याच निष्ठेने वाहिले.

ज्युलियर्ड, मॅनहॅटन स्कूल आणि मॅनिस या न्यूयॉर्कच्या संस्थांत ओ’ब्रायन यांनी कित्येक पिढ्यांना शिकवलं. संचालक बदलले, त्या तिथेच राहिल्या. वाद्यवृंदाला स्मरण असतं ते अशा माणसांच्या हातात. संचालक आठवड्यापुरता येतो, वेग सांगतो, पण एखादी ओळ कुठल्या तारेवर वाजवायची, म्हणजे शेजारच्याशी जुळेल, हे त्याला बऱ्याचदा ठाऊक नसतं आणि विचारायची गरजही पडत नाही.

या घराण्याच्या विरुद्ध बोलणारेही भक्कम आहेत, आणि त्यांचं ऐकलं पाहिजे. तीन बोटांचा नियम खालच्या जागांवर शहाणपणाचा असला तरी वर जाताना तो बेडी होतो, कारण अंतरं कमी होत जातात आणि अनामिका मोकळी असूनही बसून राहते. इटालियन शाळेने स्वर दाबायला मधल्या बोटाऐवजी अनामिका घेतली. सर्वांत मोठा आक्षेप मात्र अशा माणसाने कृतीतून घेतला ज्याला शाळाच मिळाली नव्हती. फ्रांस्वा राबात, जन्म १९३१, अलेप्पो. बैरूतमध्ये एका शिंप्याच्या दुकानात या मुलाला एदुआर नानीचं जुनं बासचं पुस्तक सापडलं. नानी पॅरिसचा मास्तर. फ्रेंचही धड येत नसताना राबात त्या पुस्तकावर एकट्याने शिकला आणि १९५५ मध्ये गुरूला भेटायला पॅरिसला गेला, तर नानी काही वर्षांपूर्वीच वारलेला. आपण जे शिकलो ते लोकांपेक्षा वेगळंच आहे हे त्याला तिथे कळलं. पुढे त्याने स्वतःची पद्धत लिहिली: अख्ख्या तारेच्या मोजक्या सहा जागा, आणि अंगठा टेकवून खेकड्यासारखी पुढे-मागे चालणारी बोटं. आज बरेच एकलवादक त्याच्या वाटेने जातात.

राबातच्या गोष्टीतून पुस्तकाविरुद्ध निष्कर्ष काढणारे भेटतात, तो चुकीचा आहे. त्याचा गुरू पुस्तकच होतं. सिमांडलची चूक पुस्तक लिहिण्यात नव्हती. चूक नंतरच्या शिक्षकांची, ज्यांनी त्यातली बोटं पाळली आणि प्रश्न विसरले. व्हिएन्नाची शाळाच बघा: तिथेच लुडविग श्ट्राइखरने पुढे आपली वेगळी पद्धत लिहिली आणि शहराने ती स्वीकारली. जुनं पुस्तक तिथे मागे पडलं, अमेरिकेत अजून रोज उघडलं जातं.

त्या शहरातच आपला एक धागाही गुंतलेला आहे. १९५४ मध्ये मुंबईचा अठरा वर्षांचा मुलगा संगीत शिकायला व्हिएन्नाच्या अकादमीत दाखल झाला. ही अकादमी म्हणजे सिमांडलने ज्या कॉन्झर्व्हेटरीत चाळीसेक वर्षं शिकवलं तिचीच पुढची सरकारी अवस्था. दिग्दर्शनाच्या जोडीला त्या मुलाने वाद्य घेतलं ते डबल बास. मुलगा झुबिन मेहता. १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी उभी करणाऱ्या मेहली मेहता यांचा. १९६९ च्या ऑगस्टमध्ये लंडनला शुबर्टच्या ‘ट्राउट’ पंचकाचं चित्रीकरण झालं तेव्हा बारेनबॉइम, पर्लमन, झुकरमन आणि जॅकलीन दु प्रे यांच्यामध्ये बास घेऊन उभे होते ते झुबिनच. १९७८ ते १९९१ ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत-संचालक होते आणि त्यांच्यासमोरच्या बासच्या रांगेत ओरिन ओ’ब्रायन होत्या. एका वर्गापासून निघालेल्या दोन वाटा अशा एकाच मंचावर येऊन मिळाल्या, एक व्हिएन्नातच राहिलेली, दुसरी मानोलीबरोबर अटलांटिक ओलांडलेली.

मुंबईला मात्र या वाद्याचं घराणं लाभलं नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवलं. त्या शिदोरीवर गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या सिम्फनीपासून हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगपर्यंत सगळं पेललं. बासकडे माणूस यायचा तो दुसरं काही वाजवता वाजवता, गरज पडली म्हणून. २००६ मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला तेव्हा बरेच वादक कझाकस्तानातून आणावे लागले, आणि बाहेरच्यांवाचून त्याचं अजूनही पुरतं भागत नाही. या प्रश्नावर बोलताना आपल्याकडे सभागृहं, ध्वनियोजना आणि परदेशी संचालकांचे दौरे यांची चर्चा होते. लहान मुलांसाठी अर्ध्या आणि पाव आकाराचे बास आता बाजारात मिळतात. सात-आठ वर्षांचं मूल ते धरू शकतं. पण ते धरायला शिकवणारा मास्तर पणजीत किंवा मुंबईत वीस वर्षं एका जागी, पगारावर, बसवायचा म्हटलं तर त्याच्या पगाराची ओळ अंदाजपत्रकात कोण घालणार, हा विषय अजून कुणी टेबलावर आणलेला नाही. व्हिएन्नाने ती ओळ इमारतींच्याच वर्षी घातली होती.